दर आकाराप्रमाणे

शिवोलीच्या पुलाजवळ, नदीकडे पाठ करून बसलो,
कारण नदीकडची टेबलं राखीव.
कोणासाठी, ते वेटरलाही ठाऊक नाही.
भाची म्हणाली, मामा, मेनू आता फोनवर येतो,
हा चौकोन दाखवायचा त्याला.
दाखवला. गोल गोल फिरत राहिलं काहीतरी,
पोट मात्र जागच्या जागी.

मग खरा मेनू आला. बावीस पानं, प्लास्टिकात घातलेली,
सातवं आणि आठवं कोणाच्या तरी शाकुतीनं चिकटवलेलं.
काळ्यावर करडी अक्षरं, आणि वर दिवा असा
की मयताच्या घरचाही याहून मोठा असतो.
एकतीस वर्षं मी म्हापशात खिळे जुळवले,
मारुतीच्या देवळामागच्या प्रेसमध्ये.
उलटं वाचायची सवय आहे मला, अंधारातलं नाही.

भिंगासाठी खिसा चाचपला. हाताला पेन लागलं.
ते असतंच. भाची ते बघते आणि दुसरीकडे बघते.

चणक: आकाराप्रमाणे.
तांबोसो: आकाराप्रमाणे.
कुर्ल्या: आकाराप्रमाणे.
कोणाच्या? मी विचारलं. माशाच्या की गिऱ्हाइकाच्या?
पोरगा मयूरभंजचा, नोकरीला महिनाही झाला नसेल,
हसला, म्हणाला, चणक नाही सर.
तांबोसो? जून आहे सर, ट्रॉलर बंद.
कुर्ल्या? त्यानं पुलाच्या दिशेनं हात हलवला,
जणू त्या आत्ताच गेल्या.

दरांवर पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांवर पुन्हा पट्ट्या.
एक नखानं उचकटली: दोनशे ऐंशी.
तिच्याखाली एकशे वीस.
त्याच्याखाली कागदच फाटला.
'आमची खासियत' नऊ ठिकाणी,
नऊही ठिकाणी तोच लाल रस्सा, बारसं तेवढं वेगळं.

आणि सोळाव्या पानाच्या तळाशी
सुकटाची किस्मत.

भाचीनं मोठ्यानं वाचलं, खुशीत.
खाली तेच इंग्रजीत, त्याखाली रशियनमध्ये
साधारण तेवढ्याच लांबीचं काहीतरी.
पोरगा सावरून उभा राहिला, एवढं त्याला पाठ होतं:
मालकांच्या पणजीचा पदार्थ, सर, पोर्तुगीज काळातला.
पाहुणे या पानाचा फोटो काढतात.

किस्मूर. किस्मूर होतं ते.
सुकट, खोबरं, कांदा, चिंचेचा नखभर कोळ.
सन त्र्याऐंशी, शुक्रवार, दारापर्यंत आलेला बाजार,
आणि उंबऱ्यात बाबनी हळर्णकर: कार्डं आजच हवीत.
दोनशे प्रती, पिवळ्या पुठ्ठ्यावर,
अकरा जिन्नस, एकाच बाजूला मावलेले.
मूच्या जागी म बसला, रच्या जागी त.
तसे ते खण शेजारी नव्हते.
त्याच आठवड्यात डिचोलीहून निरोप आला होता,
मुलीकडची माणसं नको म्हणतात.
ते असेल, किंवा नुसती भूक असेल.
प्रुफं मीच तपासली.
बाबनीला वाचण्याचा कंटाळा,
त्यानं पैसे मोजले, वर दोन बांगडे ठेवले.

मामा, भाची हळूच म्हणाली, चुकलंय का काही?
पेनाचं टोक प्लास्टिकवर टेकलं होतं,
शाई धरत नव्हती.
ही तरी आहे का? मी पोराला विचारलं.
आहे सर. ही रोज असते.

आली. खोबरं जास्त, सुकट नीट निवडलेली नाही,
दाताखाली रेती, कर्र.
भाचीनं एक घास घेतला, वाटी माझ्याकडे सरकवली.
संपवली.

बिलावर सेवाशुल्काचं 'सेवासुल्क' झालं होतं.
तेवढं दुरुस्त केलं, आणि पैसे पुरे ठेवले.